कोट उभा राहिला पाहिजे

अप्पांचा नवा कोट अंगात घालायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि ते कुणीतरी कोण हे त्यांच्या थोरल्या मुलीने, धनश्रीने, ठरवून टाकलं होतं. पंडितकाका. अप्पांचे धाकटे भाऊ, राणीसावरगावला शेती करणारे. धाकट्या अर्पिताच्या लग्नात बापाच्या जागी तेच उभे राहणार, हे घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. मग बापाचा कोटही त्यांच्याच अंगावर असायचा, यात विचारायचं काय होतं?

कोट गडद राखी रंगाचा, बंद गळ्याचा. अर्पिताचा साखरपुडा आषाढात झाला, लग्न माघात धरलं, आणि श्रावणात अप्पांनी स्वतः कापड निवडून बुद्धभूषण टेलरकडे टाकलं. एक ट्रायल झाली. भाद्रपदात अप्पा गेले, लिंगैक्य झाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी बुद्धभूषण तो कोट कव्हरात घालून घरी घेऊन आला, पलंगावर दोन्ही हातांनी आडवा ठेवला, चहा घेतला आणि निघून गेला. तेव्हापासून कोट कपाटात टांगलेला होता. पुरा झाल्यावर एकदाही कुणाच्या अंगावर न चढलेला.

अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. पगार कारकुनाचा आणि कपडे कलेक्टरचे, असं त्यांना हापिसात म्हणत, आणि अप्पांना ते आवडायचं. वर्षाला दोनच शर्ट शिवायचे, पण कापड असं की दुकानदाराने फळीवरचा गठ्ठा नव्हे, आतला काढावा. कापड घेताना हात आखडला की वर्षभर अंग आखडतं, असं ते म्हणत. परभणीच्या उन्हात सायकलवरून हापिसात पोचलेल्या अप्पांच्या शर्टाची घडी मोडलेली धनश्रीने कधी पाहिली नव्हती.

कोटाबद्दल ती इतकी ठाम होती त्याला कारण होतं. श्रावणातल्या एका दुपारी अप्पा उशीला टेकून फोनवर बुद्धभूषणशी बोलत होते. धनश्री खाली बसून औषधाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या करत होती. अप्पांचा आवाज तोवर खोल गेला होता, पण एक वाक्य तिने स्पष्ट ऐकलं. ‘काही झालं तरी लग्नात कोट उभा राहिला पाहिजे.’ डॉक्टरांनी जे सांगायचं ते आषाढातच मुलींना सांगितलं होतं. अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वाक्याने धनश्रीची खात्री पटली की त्यांना कळलंय. आपण नसलो तरी आपला कोट मांडवात असावा, असं ते सांगत होते. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला एवढा अर्थ लावायला वेळ लागत नाही.

म्हणून तिला तो कोट एकदा, फक्त एकदा, भरलेला पाहायचा होता. खांदे, छाती, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. अक्षता पडताना नजर जाईल तिथे तो राखी रंग दिसावा, एवढंच.

‘पंडितभावजीला विचार तरी,’ आई म्हणाली. आई म्हणजे नीलम्मा; अप्पा गेल्यापासून तिची वाक्यं चार शब्दांवर आली होती.

काका आजवर कशाला नाही म्हणालेत, असं धनश्रीने उलट विचारलं, आणि ते खोटं नव्हतं. चाळीस वर्षं अप्पांचे मागच्या साली शिवलेले शर्ट-पँट दर दिवाळीला इस्त्री करून राणीसावरगावला जात. अप्पा उंच आणि सडपातळ, काका बुटके आणि रुंद. गावातला टेलर पँट खालून कापायचा आणि त्याच कापडाची पट्टी कमरेला जोडायचा. ‘दादाची उंची कापून माझं पोट वाढवायलेत,’ असं काका सगळ्यांना सांगत. पारावरची टवाळ माणसं पाठमोऱ्या काकांना ‘रामराम साहेब’ घालत, आणि काका मागे न वळता म्हणत, ‘साहेब परभणीला हायेत, सध्या त्यायचा शर्ट आलाय.’

तुरीची रास आटोपून पौषात काका परभणीला आले. स्टँडवर एसटीतून उतरणाऱ्या गर्दीत धनश्रीला आधी शर्ट ओळखू आला, निळ्या रेघांचा, अप्पांनी रिटायर झाल्यावर शिवलेला. मग त्यातले काका. हातात तुरीच्या डाळीची पिशवी होती, ती त्यांनी तिच्याकडे दिली नाही. जड हाय म्हणाले.

बुद्धभूषणचं दुकान गांधी पार्काच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिन्याने वर. त्याचे वडीलही टेलर. अप्पांच्या लग्नातला शर्ट त्यांनीच शिवलेला. चाळिशीचा बुद्धभूषण गळ्यात टेप अडकवून उभा होता. धनश्रीने कव्हराची चेन उघडली आणि काय करायचं ते सांगितलं: बाह्या कमी, छाती वाढव, लग्न वीस दिवसांवर आहे. तिची अशा कामात बोलण्याची एक रीत होती. समोरचा आपोआप मान हलवत जायचा. बुद्धभूषणनेही हलवली, पण कोटाकडे बघत.

काकांनी कोट चढवला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आणि छातीवर दोन्ही बाजू एकमेकींपासून चार बोटं लांब राहिल्या. काकांनी आरशात पाहिलं.

‘जादा भरलेल्या पोत्याचं तोंड शिवायलास का रे?’

बुद्धभूषण हसला. ‘होईल काका. ह्यात माया लय हाय.’

शिंप्यांच्या बोलीत शिलाईच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. अंग भरलं की शिलाई उसवायची आणि माया सोडायची. धनश्रीने हा शब्द वर्गात दोनदा शिकवला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या दुसऱ्या अर्थावर रेंगाळू नका असं मुलांना बजावलं होतं.

बुद्धभूषणने कोटाचं अस्तर बाजूने चार बोटं उसवलं आणि आतलं कापड बाहेर काढून दाखवलं. ते संपता संपेना. एवढी कुणी ठेवतं का, असं धनश्रीने विचारलं. आम्ही इंचभर ठेवतो, तो म्हणाला. ही अडीच इंच आहे, चारी कडांना. ठेव म्हणून सांगितलं होतं.

‘कुणी?’

‘अप्पांनीच की.’ त्याने टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. ‘ट्रायलला घरी आलतो ना ताई, तवा. म्हणले, सध्या औषधानं वाळलोय, माघापर्यंत अंग भरंल. आत्ताच्या अंगाला शिव, पण माया दाबून ठेव. मी म्हणलो, अप्पा, शिलाई जाड लागंल. म्हणले, लागू दे.’

धनश्रीने मग, का कोण जाणे, ते फोनवरचं वाक्य त्याला सांगितलं. कोट उभा राहिला पाहिजे असं ते तुला म्हणाले होते, मी ऐकलं होतं. त्यांना कळलं होतं सगळं, म्हणूनच ना.

बुद्धभूषण गोंधळला. मग कामाचंच बोलला.

‘ताई, ते कापडाचं होतं. अंग वाळलं की कोट समोरून पडतोय, छातीवर पोकळ दिसतोय. म्हणून आत कडक कापड दुहेरी लाव म्हणले. कोट उभा राहिला पाहिजे म्हणजे तसं. आमच्यात तसंच म्हणतेत.’

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. धनश्री स्टुलावर बसली. समोरच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता म्हणून ती टेबलावरच्या कात्रीकडे बघत राहिली. अप्पांनी निरोप ठेवला नव्हता. अप्पा कोट शिवत होते. ज्या दुपारी ती त्यांच्या गोळ्या मोजत, त्यांच्या धीराचं मनातल्या मनात कौतुक करत बसली होती, त्या दुपारी ते माघात आपण किती जाड होऊ याचा अंदाज बांधत होते.

काकांनी कोट उतरवला. एक बाही, मग दुसरी, घाई न करता. हँगरला लावला, आणि खालून वर एकेक बटण लावत गळ्यापर्यंत आले.

‘बुद्धभूषण, ही शिलाई होती तशी घाल.’

धनश्रीने मान वर केली. सवयीने तिच्या तोंडात उत्तर तयार होतं: काका, तुम्ही नाही म्हणू नका, मांडवात तो कोट दिसला पाहिजे.

‘धना, ऐक,’ काका म्हणाले. ‘चाळीस वर्सं दादाचे कपडे घातले मी. मला त्याची लाज न्हाई, आज बी त्याचाच शर्ट हाय अंगावर. पण ते त्यानं दिलेले. ह्यो त्यानं दिला न्हाई. ह्यो त्याला घालायचा होता.’

त्यांनी कोटाच्या खांद्यावरचा न दिसणारा धागा झटकला. ‘तुला दादा बघायचाय. मला बी बघायचाय, माय. पण तिथं उभा राहणार मी. माझ्याकडं बघून लोकायला मीच दिसू दे.’

यावर वाद घालता येण्यासारखा नव्हता, आणि धनश्रीने तो घातलाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा काका एखाद्या कपड्याला नाही म्हणाले होते. ती उठली. बुद्धभूषणला म्हणाली, अस्तर शिवून दे. आणि काकांसाठी नवं शिवायचं तर कापड आज किती वाजेपर्यंत आणून द्यावं लागेल? सीझन आहे ताई, तो म्हणाला, संध्याकाळच्या आत आणा. काकांना जाकीटही शोभेल, लवकर होईल.

काकांनी विचारलं, ‘नवरीचे बाप काय घालायलेत आजकाल?’

‘सगळंच काका. कोट बी घालतेत.’

‘मग कोट.’

कापडाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, जिथे अप्पा जात तिथेच. गादीवर सूर्यभान नावाचा जुना सेल्समन; पांढऱ्या मिशा, कानाला पेन्सिल. त्याने धनश्रीला ओळखलं, अप्पांबद्दल हळहळला, आणि मग शेतकरी माणूस पाहून फळीवरचा गठ्ठा काढला. पांढरं शर्टिंग, चकचकीत. शंभर टक्के कॉटन, म्हणाला. डोळे झाकून घ्या.

काकांनी डोळे झाकले नाहीत. कापडाच्या काठाचा एक धागा नखाने उचकटला, वीतभर ओढून काढला, पीळ उलटा सोडवला आणि दोन्ही टोकं धरून हळूच ताणला. धागा लांबत गेला.

‘कापूस लांबत न्हाई भाऊ,’ काका म्हणाले. ‘तुटतोय.’

सूर्यभानने पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. काका, तुम्ही कापडाच्या धंद्यात कुठं होता, त्याने विचारलं.

‘पिकवण्यात.’

मग आतला गठ्ठा निघाला. काकांनी पाच कापडांचे पाच धागे तोडले. एक तुटताना टोकाला बारीक लव सुटली, ती त्यांनी उजेडात धरून पाहिली, आणि हा लांब धाग्याचा कापूस आहे, असा आपल्या रानात होत नाही, पण बेस आहे, असं सांगितलं. धनश्री बघत राहिली. ज्या माणसाने बासष्ट वर्षांत दुकानात जाऊन स्वतःसाठी वीतभर कापड घेतलं नव्हतं, त्याला कापड कळत होतं. फक्त कुणी त्याला विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

कोटाच्या कापडाला मात्र काका अडले. लोकर त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती. इथे सूर्यभानची पाळी आली, आणि तो ती मनापासून खेळला. त्याने कापड मुठीत घट्ट चुरगाळलं, दहा आकडे मोजले आणि मूठ उघडली. सुरकुती क्षणभर राहिली आणि आपोआप सुटत गेली. खानदानी कापड असंच, तो म्हणाला, दाबलं तरी मनात ठेवत नाही. काकांनी स्वतः दाबून पाहिलं. एकदा, मग पुन्हा. त्यांना तो खेळ आवडला.

रंग निवडायला त्यांना वेळ लागला नाही. काळा, निळा, राखी बाजूला सारत त्यांनी एका तपकिरीवर हात ठेवला. वाळलेल्या तुरीच्या शेंगेचा रंग. महिनाभर तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. धनश्रीला वाटलं होतं की किंमत ऐकून काका मागे सरतील. ते सरले नाहीत. शर्टाचं तुझ्याकडून घेतो, म्हणाले, पुतणीचा मान म्हणून. कोटाचं माझं मी घेणार.

दुपारी पुन्हा तोच अरुंद जिना. बुद्धभूषणने मापाची वही काढली, कोरं पान उघडलं आणि नाव विचारलं. काका टेपसमोर उभे राहिले ते भरतीच्या रांगेत उभं राहिल्यासारखे: छाती पुढे, श्वास कोंडलेला, नजर भिंतीवर.

‘काका, दम सोडा. दम धरून लग्न निभत न्हाई.’

काकांनी श्वास सोडला. छातीवरून टेप फिरवताना बुद्धभूषणच्या बोटांना शर्टाखालचं गळ्यातलं इष्टलिंग लागलं. त्याने काही न विचारता टेप अर्धा इंच सैल केली. त्याच्या वडिलांनी अप्पांसाठी लावलेली रीत होती ती. लिंगाचा अर्धा इंच वेगळा धरायचा, म्हणजे कोट त्यावर दाबत नाही.

‘चाळीस.’

‘दादाची किती हुती?’ काकांनी विचारलं.

बुद्धभूषणने पानं मागे उलटली. ‘अडतीस,’ तो म्हणाला आणि वही मिटली. स्टूल टेबलाला लागूनच होतं म्हणून धनश्रीला अडतीसच्या खाली पेन्सिलीने लिहिलेला श्रावणातला आकडाही दिसला. तो त्याने वाचला नाही, आणि तिने विचारला नाही. काका मात्र खूश झाले, मग आपण खूश झाल्याचं लक्षात येऊन पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

संध्याकाळी राखी कोट पुन्हा कपाटात गेला. काय झालं, आईने विचारलं, आणि धनश्रीने सगळं सांगितलं. मायेचं, उभा राहण्याचं, आपण काय समजलो होतो त्याचंही. आई कव्हरावरून हात फिरवत ऐकत होती. ‘ह्यायला जगायचंच होतं,’ ती शेवटी म्हणाली. मग बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच ती लांबलचक बोलली: साखरपुड्याला भेटलेल्या व्याह्यांच्या कोटाला कशी झोळ होती, आणि घरी आल्यावर अप्पांनी त्यावर काय काय म्हटलं होतं.

लग्न परभणीतच, गंगाखेड रोडवरच्या कार्यालयात. मुलाकडचे चुडाव्याचे. सकाळी काका खोलीतून बाहेर आले तेव्हा काकूंनी त्यांना एकदा वरून खाली पाहिलं आणि, हे कोण पाहुणे म्हणायचे, असं अर्पिताला विचारलं. तपकिरी कोट, आत पांढरा शर्ट, पँटची घडी बुटावर नेमकी टेकलेली. बाह्या मनगटाच्या हाडावर संपत होत्या. कुठेही कापलेलं नाही, जोडलेलं नाही. काकांची चालही बदलली होती. म्हणजे ती तीच होती, पण आजवर सैल खांद्यांत आणि ओढलेल्या कमरेत ती कुणाला दिसली नव्हती.

अक्षता पडल्या. काका अर्पिताच्या मागे उभे होते. धनश्रीची नजर गर्दीत एकदा राखी रंग शोधून आली नाही असं नाही. आली, आणि काकांवर येऊन थांबली. अर्पिताचा हात नवऱ्या मुलाच्या हातात देताना काका वाकले नाहीत, मागे सरले नाहीत, आणि कुणाला त्यांना पुढे ढकलावं लागलं नाही.

मग मानपानाची वेळ. व्याह्यांनी काकांच्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर भलामोठा टॉवेल टाकला. फोटो झाला. लगेच काकांनी टॉवेल खांद्यावरून उचलला, नीट घडी केली आणि शेजारी उभ्या असलेल्या धनश्रीच्या हातात दिला.

‘धर माय. खांदा दबायलाय.’

व्याही चपापले. चार माणसांत मानाचा टॉवेल उतरवलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. ‘व्याही, मान असतोय तो,’ ते म्हणाले.

‘घेतला की मान,’ काकांनी टोपी चाचपली. ‘डोक्यावर घेतला. खांदा तेवढा ऱ्हाऊ द्या. शिंप्यानं लय मेहनतीनं बसिवलाय.’

आईने पदर तोंडाला लावला. धनश्रीला वाटलं ती रडते आहे. खांदे हलत होते. पण आई हसत होती. व्याह्यांनीही क्षणभर काकांच्या खांद्याकडे पाहिलं, मग आपल्या खांद्याकडे, आणि कोट कुणाकडे शिवला ते विचारून घेतलं.

काका तोवर निघाले होते. पंगतीत कुणाला काय कमी पडलंय ते बघत, हात मागे बांधून, वाढप्यांना सूचना देत, ओळखीचे-बिनओळखीचे सगळ्यांना थांबवून जेवलात का विचारत. धनश्रीने टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि फोटोवाल्याला त्यांच्या मागे पाठवलं.